तेहतीस वर्षांचा फेरा

(वर्धा येथील युवा शिबिरात जानेवारी २०२६ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ऋतूंशी जुळवून जगणं आणि आत्मचिंतन. मी पुण्यात ज्या भागात नोकरी करतो तिथे या विषयावर दर महिन्याला एक तरी शिबिर होतं. शहराबाहेरचं रिसॉर्ट, सकाळी काढा, दुपारी डोळे मिटून बसायचं, सोमवारी परत एसीत. त्यांना मी नावं ठेवत नाही. दमलेल्या माणसाला दोन दिवस झाडाखाली बसावंसं वाटलं तर त्यात वाईट काय? पण तेच भाषण मी वर्ध्यात येऊन केलं तर तुम्ही मला हसाल आणि ते बरोबरच होईल.

कारण इथे ऋतू हा छंद नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात आपला जिल्हा होता. पेरणी झाली आणि पावसाने तीन आठवडे दडी मारली की दुबार पेरणी येते, म्हणजे बियाण्याची दुसरी पिशवी येते आणि तीही उधारीवर. ज्याच्या घरात हे घडतं त्याला "ऋतूंच्या तालावर जगा" असं सांगायला मी आलेलो नाही. तो जगतोच आहे. दुसरा इलाजच नाही त्याला.

मी बोलणार आहे ते तुमच्याशी. अठरा ते पंचवीस वयाच्या, कॉलेजात असलेल्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या, अर्धा पाय हिंगणघाट-आर्वी-पुलगावात आणि अर्धा पुणे-नागपूर-हैदराबादेत असलेल्या मराठी मुसलमान मुलामुलींशी. आणि माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडे ऋतू आणि आयुष्य एकत्र मोजायचं एक साधन आधीपासून आहे. आपण ते वापरतो, पण त्याच्याकडे बघत नाही.

आधी शब्दांकडे बघू. शेतातले शब्द घ्या. खरीप हा अरबी शब्द, अर्थ शरद ऋतू. रब्बी हाही अरबी, अर्थ वसंत. म्हणजे पीक ज्या ऋतूत हाती येतं त्याचं नाव त्या हंगामाला मिळालं. हंगाम फारसी. मोसम अरबी, तोच पुढे पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि मान्सून होऊन परत आपल्याकडे आला. साल फारसी, त्यावरून सालदार. जिराईत, बागाईत, फसल, हवा, सगळे तिकडून आलेले. आज या हॉलच्या बाहेर जो माणूस तुरीच्या पेंढ्या बांधतो आहे तो हे शब्द रोज वापरतो आणि त्याला ते परके वाटत नाहीत. कारण ते परके नाहीतच. सातशे वर्षं या मातीत मुरले आहेत.

आता उलट बाजू. आपल्यातलेच काही जण म्हणतात की मृग, रोहिणी, आर्द्रा ही नक्षत्रं "त्यांची" आहेत, आपण ती नावं कशाला घ्यायची? हा प्रश्न मला एका तरुण मित्राने मशिदीच्या पायरीवर विचारला होता आणि तो प्रामाणिकपणे विचारत होता. म्हणून त्याचं उत्तर नीट देतो.

नक्षत्र म्हणजे आकाशाच्या वाटेवरचे टप्पे. भारतात ते सत्तावीस मानले, अरबांनी अठ्ठावीस. त्यांना ते चंद्राच्या मंजिला म्हणत. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. आपली तिसरी कृत्तिका, त्यांची तिसरी सुरैया. तोच ताऱ्यांचा झुबका. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात एखादी सुरैया असते, म्हणजे एक कृत्तिका असते म्हणा. चौथी रोहिणी, त्यांचा चौथा दबरान. तोच तांबूस तारा. पाचवं मृग, त्यांची पाचवी हकआ; मृगाच्या डोक्याशी असलेले तेच बारीक तारे. वाळवंटातला मेंढपाळ आणि वर्ध्याकाठचा शेतकरी वरती एकच पाटी वाचत होते.

हदीसमध्ये इशारा आहे तो वेगळ्या गोष्टीबद्दल. अमक्या ताऱ्याने पाऊस दिला असं म्हणू नका, पाऊस देणारा अल्लाह आहे, असा तो आशय आहे. ताऱ्याचं श्रेय नाकारलं आहे, ताऱ्यावरून दिवस मोजणं नाही. सूर्य आणि चंद्र तर वर्षांची गणना आणि हिशेब कळावा म्हणूनच दिले, असं कुरआन सूरह यूनुसमध्ये सांगतं. तेव्हा ७-८ जूनला मृग लागला असं म्हणणाऱ्या मुसलमान शेतकऱ्याच्या ईमानाला काही होत नाही. तो तारीख सांगतो आहे.

आणि याच महाराष्ट्रात एक सन असा होता की ज्याचं नाव अरबी, आकडे अरबी आणि पहिला दिवस मृगाचा. शुहूर सन. मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमारास, तो दख्खनेत सुरू झाला असं मानतात. कारण साधं होतं. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं. शेतसारा मात्र पीक आल्यावरच भरता येतो आणि पीक सूर्याचं ऐकतं. हिजरी तारखेने वसुली केली तर थोड्याच वर्षांत सरकारी माणूस पीक उभं असतानाच दारात येणार. म्हणून त्या वर्षीचा हिजरी आकडा, ७४५, तसाच ठेवला आणि पुढे वर्ष सूर्याप्रमाणे मोजायला लागले. सूर्य मृगात शिरला की नवं वर्ष. लोक त्याला मृगसाल म्हणत. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मोडी कागदांवर हा सन अक्षरांत लिहिलेला सापडतो. पानिपत झालं ते वर्ष बघा : इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळवा, १७६१. पुण्यातला ब्राह्मण कारकून अरबी आकड्यांत मृगाचं वर्ष लिहीत होता आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. आपल्या आजच्या भांडणांकडे बघून त्याला नक्की विचित्र वाटलं असतं.

म्हणजे सूर्याचं साल आपल्याला परकं नाही. मग चंद्राचं साल कशासाठी?

इथे मला थोडा हिशेब करू द्या, पेशा तोच आहे. (आमच्या धंद्यात तारीख आणि वेळ सांभाळणं हे सगळ्यात किचकट काम समजतात. हिजरी तारीख तर आणखी अवघड, कारण संगणकाने काढलेली तारीख आणि आपल्या गावी दिसलेला चंद्र यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो आणि चंद्रापुढे प्रोग्रॅमचं काही चालत नाही.) चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा जवळजवळ अकरा दिवसांनी लहान. हिंदू पंचांगानेही महिने चंद्राचेच घेतले, पण मागे पडलेले दिवस साचले की साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी ते एक अधिक महिना घालतात. आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. त्यामुळे पोळा नेहमी पावसाळ्याच्या उत्तरार्धातच येतो, दिवाळी कापूस घरात येण्याच्या सुमारासच येते.

इस्लामपूर्व अरबही महिने पुढे-मागे सरकवत. त्याला नसी म्हणत. महिन्यांच्या नावांत त्याची खूण अजून आहे : रबी म्हणजे वसंत आणि रमजान हे नाव उन्हाच्या होरपळीवरून आलेलं. सूरह तौबामध्ये ही सरकवासरकव बंद केली. महिने बारा, त्यात भर नाही. त्या दिवसापासून रमजान मोकळा झाला आणि सगळ्या ऋतूंमधून फिरायला लागला. दरवर्षी अकरा दिवस अलीकडे. पूर्ण फेरा व्हायला सुमारे तेहतीस वर्षं. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांचा मुक्काम तीनशे वर्षं आणि वर नऊ असा सांगितला आहे. अनेक भाष्यकारांनी लिहिलं आहे की तीनशे सौरवर्षं म्हणजे तीनशे नऊ चांद्रवर्षं. कॅल्क्युलेटरवर करून बघा, जुळतं.

नसी बंद करण्याची कारणं विद्वानांनी आपापल्या परीने सांगितली आहेत. परिणाम काय झाला ते मात्र कुणालाही दिसतं. रोजा जर कायमचा जूनला बांधला गेला असता तर वर्ध्याच्या माणसाला जन्मभर ४५ अंशांत रोजे आणि दक्षिण गोलार्धातल्या माणसाला जन्मभर थंडीतले. आता सगळ्यांना सगळं मिळतं. कुणालाही नेहमीसाठी सोपं नाही, कुणालाही नेहमीसाठी कठीण नाही.

वर्ध्यात हा फरक किती? डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, रोजा साधारण सव्वाबारा तासांचा. मेअखेर-जूनमध्ये मगरिब पावणेसातच्या पुढे जाते, रोजा साडेचौदा तासांचा. दोन-सव्वादोन तास, फार वाटत नाहीत. लंडनमध्ये जूनचा रोजा सतरा तासांच्या वर जातो. पण लंडनच्या माणसाला मेमध्ये वखरपाळी करायची नसते. २०१९ चा रमजान ७ मे ते ४ जून होता. त्या मेअखेरीस चंद्रपूरला पारा ४७ च्या पुढे गेला होता. त्या उन्हात जे मजूर, हमाल, गवंडी रोजे धरून उभे होते, त्यांच्या रोजाची आणि माझ्या एसीतल्या रोजाची तुलना मी तरी करणार नाही. आजारी आणि प्रवाशाला सवलत कुरआनने दिलेलीच आहे. दुपारच्या कडक उन्हात जुहरची नमाज थोडी थंड वेळ बघून पढण्याचीही मुभा हदीसमध्ये आहे आणि मुसळधार पावसात लोकांना घरीच नमाज पढायला सांगितल्याचंही. ऋतूपुढे माणसाने छाती काढून उभं राहावं, अशी अपेक्षा दीनने केलेली नाही. ही बाब आपण तरुणांनी घरातल्या हट्टी वडीलधाऱ्यांना प्रेमाने सांगायला हवी, विशेषतः मधुमेह असलेल्यांना.

आता या फेऱ्यावर स्वतःचं आयुष्य ठेवून बघा. मी १९९१ चा. त्या वर्षी रमजान मार्चमध्ये सुरू झाला होता. २०२४ मध्ये तो पुन्हा मार्चमध्ये सुरू झाला. म्हणजे माझा एक फेरा पूर्ण झाला. माझ्या पिढीचे सगळेच आता पहिला फेरा संपवून दुसऱ्यात शिरले आहेत. माणसाला असे किती मिळतात? दोन तर धरूच, नशीब असेल तर अडीच. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांपेक्षा हा आकडा मला जास्त गंभीर वाटतो.

आमच्या वयाच्या मुलांनी पहिले रोजे धरले ते डिसेंबर-जानेवारीत. दिवस लहान, थंडी, तहान लागतच नसे. सहरीला उठणं एवढाच त्रास. अल्लाहने शिकाऊ उमेदवाराला सोपं काम दिलं म्हणायचं. मग आम्ही मोठे होत गेलो तसा रमजान मागे सरकत गेला. दहावी-बारावीत तो पावसाळ्याच्या शेवटी, कपाशीला पात्या-फुलं लागतात तेव्हा. इंजिनिअरिंगला ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आगेमागे. होस्टेलवर शेजारच्या खोलीतले मोदक आणि आमचा इफ्तार एका टेबलावर यायचे. नोकरीत नवे होतो, अंगावर सगळ्यात जास्त काम होतं, तेव्हा नेमका मे-जून. आणि आता अंगातला जोर जरा उतरायला लागला तर रमजान पुन्हा थंडीकडे निघाला आहे.

तुमचं गणित वेगळं आहे. तुमच्यातले जे आज विशीत आहेत त्यांनी पहिले रोजे धरले ते २०१४ ते २०१८ दरम्यान, म्हणजे मे-जून-जुलैत. आठ-दहा वर्षांची मुलं आणि विदर्भाचा उन्हाळा. तुम्ही कठीणातून सुरुवात केली. पुढची वर्षं तुम्हाला सोपी जातील : यंदा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आणि २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. हिवाळ्याला परंपरेत मोमिनचा वसंत म्हटलं आहे. रात्र मोठी म्हणून इबादतीला सवड, दिवस लहान म्हणून रोजा हलका. म्हणजे तुमच्या उमेदीची वर्षं आणि रमजानचा हिवाळा एकत्र आले आहेत. त्या लांब रात्रींचं काय करायचं हे ठरवायची वेळ आत्ताच आहे.

माझी दादी या फेऱ्यावरच जगली. तिला सन सांगता येत नसे. ती म्हणायची, "तुझी फुफी झाली तेव्हा रोजे वेचणीत होते." फुफीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जुलै आहे, गावातल्या अर्ध्या लोकांची असते तशी; शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. मी कधीतरी बसून हिशेब केला. वेचणीत रमजान, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, म्हणजे १९६६ ते १९६९ च्या मधलं वर्ष. फुफीच्या शाळेच्या दाखल्यावरचं साल त्यात बसलं. दादीच्या एका वाक्यात चंद्र होता, शेत होतं आणि लेक होती. माझ्या फोनमध्ये दहा हजार फोटो आहेत, प्रत्येकावर सेकंदासकट वेळ आहे, आणि ते काढले तेव्हा बाहेर शेतात काय उभं होतं हे एकाही फोटोवरून सांगता येत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी. एक वही करा. दर रमजानला एक पान. वर लिहा : रोजे कुठल्या ऋतूत आले, शेतात काय होतं, पाणी कसं होतं. खाली लिहा : या वर्षी मी कुणाचं देणं लागतो, कुणाशी बोलणं बंद आहे, काय शिकलो, कशाला घाबरलो. आपल्याकडे याला मुहासबा म्हणतात, स्वतःचा हिशेब. कंपनीत माझा हिशेब दर तिमाहीला होतो आणि त्यात मी किती तिकिटं बंद केली एवढंच विचारतात. वहीतलं पान तुम्हाला तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत भेटेल. ते कळायला आत्ता मार्ग नाही, लिहून ठेवायला आहे.

आत्मचिंतनाबद्दल बोलताना वर्ध्यात विनोबांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथून सात-आठ किलोमीटरवर, पवनारला धाम नदीच्या काठी, त्यांनी २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन पाळलं. दोन दिवस नाही, पूर्ण वर्ष. नदीचा उन्हाळा, पूर, थंडी, सगळं न बोलता बघितलं. या माणसाने अरबी शिकून कुरआन वाचलं होतं आणि त्यातल्या निवडक आयतींचं संकलन केलं होतं, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतं. पण त्याच मौनाच्या मध्यावर, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी आली. तुरुंग भरले. विनोबांच्या न बोलण्यावर तेव्हा कडक टीका झाली आणि अजून होते. मला ती टीका रास्त वाटते. मला त्यांच्याबद्दल आदरही वाटतो. तुमच्यासमोर दोन्ही ठेवतो, कारण आपली चळवळ नागरिकांची आहे. आत वळण्याला मुदत असावी. एतिकाफ दहा दिवसांचा असतो, ईदचा चंद्र दिसला की माणूस मशिदीतून उठून घरी येतो, बाजारात येतो. आणि ईदच्या दिवशी रोजा धरायला मनाई आहे. कितीही मन लागलेलं असो, त्या दिवशी खायचंच.

ही थांबण्याची गोष्ट मला कपाशीवरून जास्त नीट कळली. आपल्याकडे कपाशीच्या तीन-चार वेच्या झाल्या की पीक काढून टाकायचं असतं. पण पाण्याची सोय असली की वाटतं, अजून चार क्विंटल येईल. मग जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, पऱ्हाटी उभी ठेवतात. ती फरदड. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा फरदड हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. अळी बोंडाच्या आत राहते. मधले काही महिने तिला खायला कपाशीच मिळाली नाही तर तिची साखळी तुटते. फरदड ठेवली की ती पुढच्या हंगामापर्यंत जिवंत राहते. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा.

माझ्या क्षेत्रात सगळी फरदडच आहे. एक काम संपायच्या आत दुसरं लागतं, रात्री अकराला मीटिंग, रविवारी मेसेज. शेत कधी मोकळं होतच नाही. तिशी ओलांडलेल्या माझ्या कित्येक सहकाऱ्यांना झोपेच्या गोळ्या लागतात. तुम्ही या नोकऱ्यांत जाल, जाच, पैसा लागतो घराला. पण महिन्यातला एखादा आठवडा, दिवसातला एखादा तास शेत मोकळं ठेवण्याची अट आधीच घालून जा. पाच नमाजांचा यासाठीसुद्धा उपयोग आहे. फक्त एक करा : आठवड्यातून एकदा तरी अॅपचा आवाज बंद ठेवून मगरिबची वेळ आकाशाकडे बघून ओळखा. जूनमध्ये सूर्य कुठे मावळतो आणि आज जानेवारीत कुठे, हे तुमच्या गच्चीवरून बोटाने दाखवता येतं का, बघा.

दुसरी सूचना आपल्या संघटनेला आहे आणि ती थोडी बोचणारी आहे. आपली शिबिरं, बैठका, स्पर्धा कुठल्या कॅलेंडरवर ठरतात? शहरातल्या. दिवाळीच्या सुटीत युवती मेळावा ठेवायचा आणि मग म्हणायचं, खेड्यातल्या मुली येत नाहीत. त्या दिवसांत वेचणी असते. वेचणी बायका आणि मुली करतात, मजुरी किलोवर मिळते. ज्या दिवशी मेळाव्याला याल त्या दिवशीचे पैसे गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेतकऱ्याच्या मुलाला वर्ध्याला बोलावणं तसंच. तेच एप्रिलमध्ये बोलवा, येतील. रक्तदान शिबिर आपण सवयीने डिसेंबर-जानेवारीत घेतो. तुटवडा पडतो तो उन्हाळ्यात. जिल्ह्याच्या हंगामांचा तक्ता भिंतीवर लावून मग वर्षाचा कार्यक्रम आखा.

याला या मातीत आधार आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात जी शिक्षण परिषद झाली, तिच्यातून नई तालीमची योजना निघाली. अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले ते. सूतकताई, शेती, बागकाम यांच्याभोवती शिक्षण बांधायचं, म्हणजे मुलाचं गणित आणि विज्ञान त्याच्या गावाच्या हंगामातून यायला हवं, असा तो विचार होता. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत मुलं आजही भाजीचे वाफे करतात, मोजतात, लिहितात. जाऊन बघा, जवळच आहे. झाकिर साहेबांना स्वतःला गुलाबांचं वेड होतं. चंदीगडच्या गुलाबबागेला त्यांचं नाव आहे.

शेवटचा मुद्दा, मग चहा.

हिशेब पुढे न्या. थंडी, मग दिवाळीचे दिवस, मग पावसाळा करत करत २०५० च्या सुमारास रमजान पुन्हा मेमध्ये येईल. तेव्हा मी साठीला टेकलेला असेन, तुम्ही पंचेचाळीशीत आणि तुमची मुलं पहिला रोजा धरत असतील. तो मे आजच्या मेपेक्षा थंड असेल असं कुणीही शास्त्रज्ञ म्हणत नाही. त्या दुपारी तुमच्या गावच्या ईदगाहावर, मशिदीच्या अंगणात, कब्रस्तानात सावली असेल का, हे २०५० मध्ये ठरणार नाही. आज लावलेला कडुनिंब तेव्हा चोवीस वर्षांचा असेल.

म्हणून या शिबिरातून प्रत्येक गावाने किमान दहा झाडांचं काम घेऊन जावं, असं आम्ही ठरवलं आहे. कडुनिंब, करंज, चिंच. शोभेचं काही नको. खड्डे मेच्या पहिल्या पंधरवड्यात खणायचे, दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल, आणि उन्हात तापू द्यायचे. मृग लागण्याआधी माती आणि शेणखत भरून ठेवायचं. पहिल्या सरीला घाई करायची नाही; जमीन वीतभर ओली झाली की मग रोप. पावसाळ्यात झाड जगतं, मरतं ते पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणून पाणी कोण घालणार त्याची नावं आत्ताच लिहून घ्यायची आहेत. वुजूचं पाणी बहुतेक मशिदींत सरळ नालीत जातं. ते पाइपने आळ्यापर्यंत नेता येतं, खर्च किरकोळ आहे. ज्यांच्या गावात वुजूखाना आणि मोकळी जागा शेजारी आहे त्यांनी परत गेल्यावर टेप लावून अंतर मोजा आणि आठवड्याभरात मला कळवा. पाइप एकत्रच घेऊ, स्वस्त पडतील.